‘नाही’ म्हणण्याची अट : इस्ट्रोजेन, प्लॅस्टिकची नळी आणि अभावाचं ज्ञान

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एक ताई मागे थांबल्या होत्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, गोळी अजून चालू होती. त्यांनी विचारलं, “सर, वीस वर्षं ऑफिसला प्लॅस्टिकच्या डब्यात गरम भाजी भरून नेली. त्यामुळेच झालं का हो मला हे?” आम्ही “छे, तसं काही नसतं” असं म्हणणार होतो, आणि थांबलो. ‘नसतं’ हे आम्हाला कशावरून कळलं? त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करतो.

आधीच सांगून ठेवतो, आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. औषधाचा सल्ला आमच्याकडून घेऊ नका. पण ‘आहे’ कधी म्हणावं आणि ‘नाही’ कधी म्हणावं, हा मात्र आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि या ताईंच्या शंकेचं मूळ तिथेच आहे.

सुरुवात इस्ट्रोजेनपासून करू. हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होतं, रक्तातून सगळीकडे फिरतं, पण सगळ्याच पेशी त्याचं ऐकत नाहीत. ज्या पेशींत त्याला बसायला जागा असते, म्हणजे ज्याला रिसेप्टर म्हणतात तो असतो, त्याच ऐकतात. कुलूप आणि किल्ली म्हणा हवं तर. १८९६ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी प्रसिद्ध केलं, की अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी आक्रसल्या. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कोणाला माहीत नव्हतं. पुढे शिकागोत एलवुड जेन्सन यांनी रिसेप्टरचा शोध लावला, आणि बीटसन यांनी जे पाहिलं त्याचं कारण समजलं. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांत हा रिसेप्टर असतो. टॅमॉक्सिफेनची गोळी नेमकी त्याच कुलपात जाऊन अडकते आणि खऱ्या किल्लीला आत शिरू देत नाही.

आता कुलूप आहे म्हटल्यावर दुसरी एखादी किल्लीही त्याला लागू शकते, नाही का? आपल्या शरीराबाहेरून आलेली, दिसायला वेगळी, पण फिरवली की कुलूप थोडंफार उघडणारी. अशी रसायनं आहेत हे कसं कळलं, ती गोष्ट सांगतो.

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोननशाइन हे दोघं पेशींच्या वाढीवर काम करत होते. त्यांच्या प्रयोगातल्या पेशींचं नाव एमसीएफ-७. १९७० साली मिशिगनमध्ये स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी घेतल्या गेल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचेच वंशज वाढत आहेत. या पेशी इस्ट्रोजेनचं ऐकतात. म्हणून प्रयोग सोपा होता. सीरममधलं इस्ट्रोजेन कोळशाच्या भुकटीने शोषून घ्यायचं. अशा सीरममध्ये पेशी वाढत नाहीत, जवळजवळ जागच्या जागी राहतात. मग त्यात मोजून इस्ट्रोजेन घातलं, की वाढू लागतात. काही बश्यांत इस्ट्रोजेन घालायचं, काहींत नाही, आणि फरक मोजायचा.

१९८७च्या अखेरीला एक दिवस असा आला, की सगळ्याच बश्यांत पेशी भराभर वाढलेल्या. इस्ट्रोजेन घातलेल्या वाढल्या आणि न घातलेल्याही वाढल्या.

इथे क्षणभर थांबू. तुम्ही-आम्ही असतो तर काय म्हटलं असतं? ‘आमचा सिद्धान्त चुकला, इस्ट्रोजेन नसतानाही पेशी वाढतात.’ पण या दोघांना आपल्या ‘नाही’वर भरवसा होता, कारण वर्षानुवर्षं तोच प्रयोग करून त्यांनी ते ‘नाही’ तपासलेलं होतं. त्यामुळे त्यांनी उलट विचारलं, की इस्ट्रोजेनसारखं काहीतरी कुठून तरी आत आलंय, ते कुठून? काही महिने त्यांनी एकेक वस्तू बदलून पाहिली. शेवटी बोट ठेवलं गेलं ते सीरम ठेवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर. नळ्या त्याच कंपनीच्या, नेहमीच्याच. पण कंपनीने नळी सहज फुटू नये म्हणून प्लॅस्टिकच्या घटकांत बदल केला होता. नेमकं काय घातलं, हे सांगायला कंपनीने नकार दिला, व्यापारी गुपित म्हणून. मग यांनी नळ्यांतून ते द्रव्य स्वतःच काढलं, शुद्ध केलं आणि ओळखलं. ते होतं नॉनिलफिनॉल. निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असंही दाखवलं, की हे द्रव्य उंदरांच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींनाही विभाजनाला लावतं. म्हणजे गोष्ट फक्त बशीपुरती नव्हती.

हा एकच अपघात असता तर सोडून दिला असता. पण १९८६ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी दाखवलं होतं, की पेशी वाढवायच्या द्रवात रंगासाठी घातलेलं फिनॉल रेडसुद्धा दुबळ्या इस्ट्रोजेनसारखं वागतं. वर्षानुवर्षं जिथे जिथे ‘इस्ट्रोजेन नाही’ असं लिहिलं गेलं होतं, तिथे थोडंसं होतंच! आणि १९९३ साली स्टॅनफर्डला डेव्हिड फेल्डमन आणि अरुणा कृष्णन यांच्या गटाला कळलं, की यीस्ट इस्ट्रोजेन तयार करतं असं आपल्याला वाटत होतं ते मुळात यीस्टचं नव्हतंच. पॉलिकार्बोनेटच्या चंबूत पाणी वाफेच्या दाबाखाली तापवलं, की चंबूतून बिस्फेनॉल-ए पाण्यात उतरत होतं. उत्पादकाच्या चाचणीला ते दिसत नव्हतं, कारण ती चाचणी तितकी बारीक नव्हती. पेशींना मात्र तेवढं पुरत होतं.

आता आमच्या घरच्या मैदानात येतो. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कसं कळतं, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला आहे. भाट्ट मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण आहे. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. पण एका अटीबद्दल दोघांचं जमतं. नुसती अनुपलब्धी पुरत नाही, ती योग्य अनुपलब्धी असली पाहिजे. म्हणजे काय, तर ती वस्तू तिथे असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, घडा दिसण्याजोगा आहे, आणि तरी दिसत नाही. तर म्हणा, घडा नाही. पण अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. आणि झाडावर पिशाच्च दिसत नाही म्हणून ते नाही, असंही नैयायिक म्हणू देत नाही, कारण पिशाच्च हे मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही!

स्टॅनफर्डची गोष्ट या अटीवर घासून बघा. उत्पादकाचं ‘आढळलं नाही’ हे अंधाऱ्या खोलीतलं ‘नाही’ होतं.

पण यावरून उलट्या बाजूला उडी मारायची नाही. बशीतली पेशी वाढली म्हणजे माणसाला कर्करोग झाला, असं होत नाही. नॉनिलफिनॉल शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या मानाने हजारो पटींनी दुबळं आहे. आपल्याला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, त्यांतून बरंच काही निघून जातं. म्हणून माणसांचाच अभ्यास करावा लागतो, आणि तिथे पुन्हा तीच अट आडवी येते.

डीडीटीचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ते १९४५च्या सुमारास सर्रास वापरात आलं. १९९०च्या दशकात प्रौढ स्त्रियांच्या रक्तातले डीडीटीचे अवशेष मोजून स्तनाच्या कर्करोगाशी संबंध शोधला गेला. बहुतेक मोठ्या अभ्यासांत तो दिसला नाही. पण २००७ साली कॅलिफोर्नियात बार्बरा कोन आणि सहकाऱ्यांनी १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींकडून घेऊन जपून ठेवलेलं रक्त तपासलं. १९४५ साली ज्या चौदा वर्षांच्या आतल्या मुली होत्या, त्यांच्यात रक्तातलं डीडीटी ज्यांचं जास्त, त्यांना पन्नाशीच्या आत हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट निघाला. त्याहून मोठ्या असलेल्यांत असा संबंध नव्हता. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा भार टाकू नये. पण मुद्दा बघा. स्तनाच्या ऊती वयात येताना घडतात. त्या वेळचं डीडीटी पन्नाशीतल्या रक्तात शोधलं, तर ‘नाही’ असं उत्तर येईल, आणि ते योग्य अनुपलब्धीच्या अटीत बसणार नाही. घडा होता, आपण चुकीच्या खोलीत पाहत होतो.

तर मग ताईंना काय सांगायचं?

पहिलं, एका व्यक्तीच्या एका गाठीचं कारण म्हणून एका डब्याकडे बोट दाखवता येत नाही. आज कोणालाच येत नाही. या आजाराच्या मागे आपलं स्वतःचं इस्ट्रोजेन किती वर्षं चालू होतं, म्हणजे पाळी कधी आली, कधी गेली. घराण्यातली जनुकं, मद्य, रजोनिवृत्तीनंतर घेतलेली संप्रेरकं, असं बरंच काही असतं. शिवाय डबा कुठल्या प्लॅस्टिकचा होता? पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-एपासून बनतं. पॉलिप्रॉपिलीन त्यापासून बनत नाही.

दुसरं, ‘पुरावा नाही, म्हणजे धोका नाही’ असं कोणी ठणकावून सांगितलं, तर तीन प्रश्न विचारा. कुठे पाहिलं? केव्हा पाहिलं? कशाने पाहिलं? २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिस्फेनॉल-एची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. त्याचं मुख्य कारण कर्करोग नव्हतं, रोगप्रतिकारशक्तीवरचा परिणाम होता. तिथे पूर्वी कोणी फारसं पाहिलं नव्हतं.

तिसरं, शंका आहे तोवर काय करायचं, हा ज्ञानाचा नाही, शहाणपणाचा प्रश्न आहे. गरम भाजी स्टीलच्या डब्यात नेली तर नुकसान काय? काहीच नाही. तेवढं करा.

आणि चौथं खास त्या ताईंसाठी. ज्या नळीत काय घातलंय हे बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनाही विचारून कळलं नाही, तसलं काही तुमच्या डब्यात असेल तर ते तुम्हाला कुठून कळणार होतं? ज्याला माहिती असते आणि सांगायची ताकद असते, जबाबदारी त्याची. तुम्ही रोज सकाळी उठून डबा केलात आणि कामाला गेलात. त्याचा अपराध मनाला लावून घेऊ नका. गोळी वेळेवर घ्या, तपासणी चुकवू नका.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून ‘संशयाचा फायदा कोणाला द्यावा’ या प्रश्नाकडे वळू. आजच्यापुरतं इथेच थांबतो. नमस्कार.