अस्सल आणि नक्कल : अमेरिकेंतील जुन्या मोटारींची परीक्षा

सुंदर वस्तु निराळी आणि अस्सल वस्तु निराळी, हें सराफाच्या पेढीवर कोणास शिकवावें लागत नाहीं. पितळेचा दागिना घांसूनपुसून ठेवला तर सोन्याहूनही अधिक झळकतो. म्हणूनच सराफ डोळ्यांवर विसंबून न राहतां कसोटीचा दगड हातीं घेतो. जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतींतही अशीच एक कसोटी अमेरिकेंत पन्नासांवर वर्षें चालत आली आहे. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस मोटारींचा मोठा नाद आहे, हें त्यांच्या वह्यांच्या मागील पानांवरून आम्हांस ठाऊक आहे! त्यांच्यासाठीं, आणि तो नाद पाहून काळजींत पडणाऱ्या त्यांच्या पालकांसाठींही, या परीक्षेची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम या गाड्या कोणत्या तें सांगितलें पाहिजे. पाँटिअॅक कंपनीनें आपल्या १९६४ सालच्या टेंपेस्ट या मध्यम आकाराच्या गाडींत मोठ्या गाड्यांचें ३८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरांचें, इंजिन बसवून त्या जोडणीस जी.टी.ओ. असें नांव दिलें. आटोपशीर देह आणि दांडगें इंजिन हा मेळ तरुणांस इतका आवडला कीं, पहिल्याच वर्षीं अशा ३२,४५० गाड्या तयार झाल्या. मग शेवरोले, फोर्ड, प्लिमथ, डॉज इत्यादिकांनींही तीच वाट धरली. अशा गाडीस तिकडे 'मसल कार', म्हणजे पिळदार दंडांची गाडी, म्हणतात. शेवरोले हें नांव मुंबईकरांच्या आजोबा-पणजोबांसही परिचयाचें होतें; जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत त्या गाड्या जुळवीत असे. परंतु या बलदंड गाड्या त्यानंतरच्या. १९७० नंतर धुराविषयींचे कडक कायदे, विम्याचे वाढते हप्ते व १९७३ ची तेलटंचाई यांमुळें त्यांचें वैभव ओसरलें. कित्येक भंगारांत गेल्या. ज्या उरल्या त्यांचा पुढें हौशी लोकांनीं जीर्णोद्धार आरंभिला.

येथेंच लबाडीस वाव मिळाला. १९६४ व १९६५ सालीं जी.टी.ओ. ही स्वतंत्र जात नसून मागणीवरून मिळणारी जोडणी होती; त्यामुळें केवळ गाडीच्या ओळख-क्रमांकावरून ती साधी कीं जी.टी.ओ. हें कळत नाहीं. १९७० सालच्या शेवरोले शेव्हेल गाडीचीही तीच गत. ४५४ घनइंचांचें, ४५० अश्वशक्तीचें इंजिन घेऊन निघालेली गाडी आणि आठ नळकांड्यांची तिची साधी बहीण यांतील भेद क्रमांक सांगत नाहीं. तेव्हां साध्या गाडींत मोठें इंजिन बसवावें, नांवाच्या चार पट्ट्या डकवाव्या, कीं झाली बलदंड गाडी तयार! किंमतींतील अंतर मात्र जमीनअस्मानाचें असतें. प्लिमथ कंपनीची १९७१ सालची, दुमडत्या छपराची हेमी कुडा गाडी जेमतेम डझनभर निघाली. त्यांतील एक २०१४ सालीं सिअॅटल येथील लिलावांत ३५ लक्ष डॉलरांस गेली. त्या कंपनीच्या क्रमांकांतील पांचवें चिन्ह इंजिन कोणतें तें सांगतें, म्हणून तेथें लबाडी अवघड. परंतु सर्व कंपन्यांनीं अशी सोय ठेविली नव्हती. आणि फसणारा मनुष्य नेहमींच कुबेर असतो असें नाहीं. तरुणपणीं जी गाडी नुसती दुरून पाहिली, ती म्हातारपणीं सांठविलेली पुंजी मोडून घेणारेही असतात. त्यांच्या पदरीं नक्कल पडूं नये, हें या परीक्षेचें एक मोठें प्रयोजन होय.

परीक्षकाचा प्रश्न 'गाडी किती सुंदर?' असा नसतो. 'कारखान्याच्या दारांतून ती जशी बाहेर पडली तशीच आहे काय?' असा असतो. कॉर्व्हेट ही शेवरोलेची क्रीडामोटार, या बलदंड गाड्यांची चुलत बहीण. तिच्या जीर्णोद्धारकांची राष्ट्रीय संस्था १९७४ सालीं निघाली. तिची पद्धत नमुनेदार आहे. प्रत्येक भागाविषयीं पांच गोष्टी पाहतात : घडण बरोबर आहे काय, त्यावरील तारीख जुळते काय, भाग पुरा आहे काय, तो कारखान्याच्या रीतीनें बसविला आहे काय, आणि त्याचा रंग, मुलामा व पृष्ठ मूळच्यासारखें आहे काय. अस्सलपणाचे गुण वेगळे आणि सुस्थितीचे वेगळे. शेंकडा ९४ गुण पडले तरच सर्वोच्च श्रेणी! आमच्या विद्यार्थ्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. इतर बलदंड गाड्यांसाठीं शिकागोजवळ रोझमाँट येथें २००९ पासून मोठें प्रदर्शन भरूं लागलें. तेथेंही अशीच बारीक तपासणी होते.

परीक्षकाचा पहिला साक्षीदार म्हणजे तारीख. शेवरोलेच्या इंजिनाचा ठोकळा ओततांनाच त्यावर ती उठविलेली असते : महिन्याबद्दल एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आंकडा. 'सी १२ ९' असें असेल तर सी हें इंग्रजी वर्णमालेंतील तिसरें अक्षर, म्हणून मार्च महिना, तारीख १२, साल १९६९. आधीं ठोकळा ओतला जातो, मग इंजिन जुळतें, आणि शेवटीं गाडी. आतां ८ मार्च १९६९ रोजीं बाहेर पडलेल्या गाडींत हा ठोकळा दिसला, तर बापाच्या आधीं लेक जन्मला असेंच म्हणावें लागेल! खिडक्यांच्या कांचा व इतर कित्येक भाग यांवरही अशाच तारखा असतात.

दुसरा साक्षीदार क्रमांक. १९६८ च्या सुमारास गाडीच्या ओळख-क्रमांकाचा कांहीं अंश इंजिनावरही ठोकण्याची रीत सार्वत्रिक झाली. दोन्ही जुळले तर गाडीचें मोल वाढतें. म्हणून लबाड लोक जुने आंकडे घांसून टाकून नवे ठोकतात. परंतु शेवरोलेच्या इंजिनावर ज्या सपाट जागीं हे आंकडे असतात, ती जागा कारखान्यांत यंत्रानें तासतांना तीवर पुढून मागें जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटत असत. घांसणाराचा हात फिरला कीं त्या रेघा नाहींशा होतात. परीक्षक भिंग घेऊन आंकडे वाचतो, पण त्याहून अधिक लक्षपूर्वक त्या रेघा वाचतो. गाडीच्या ओळख-क्रमांकांत फेरफार करणें हा तर १९८४ च्या कायद्यानें तिकडे गुन्हाच ठरविला आहे.

आतां सर्वांत नवलाची गोष्ट सांगतों. गाडी फार चांगली केली तर गुण कमी होतात! मोठ्या कारखान्यांत तासाला पन्नास-साठ गाड्या निघत. तेथें आरशासारखा रंग कोण देत बसणार? मूळच्या रंगावर नारिंगाच्या सालीसारखा खरबरीतपणा असे, तळाशीं रंगाचे तुषार उडालेले असत, एखाद्या दांड्यावर ओघळही सुकलेला असे. तपासणाऱ्या कामगारांनीं खडूनें वा रंगाच्या फटकाऱ्यानें केलेल्या खुणा तशाच राहत. हौशी मालक हें सारें पुसून गाडी लखलखीत करतो आणि परीक्षक मान हलवितो. आम्हां शिक्षकांस याचें आश्चर्य वाटत नाहीं. एकही खाडाखोड नसलेली, शब्दन् शब्द पुस्तकाबरहुकूम असलेली उत्तरपत्रिका हातीं आली, म्हणजे आमचीही मान अशीच हलते.

यांत एक दुःखाची बाजूही आहे. जीर्णोद्धार करतांना जें पुसलें जातें, तें पुन्हा लिहितां येत नाहीं. नव्यानें काढलेली खडूची खूण मूळच्यासारखी दिसेल, पण ती त्या कामगाराच्या हातची नव्हे. कांहीं कंपन्यांचें दप्तर टिकलें आहे. पाँटिअॅकच्या गाड्यांचा आणि १९६७ पासूनच्या फोर्डच्या गाड्यांचा उतारा मागतां येतो. अमेरिकेंत विकलेल्या बहुतेक शेवरोले गाड्यांविषयीं अशी सोय नाहीं. तेथें बैठकीच्या स्प्रिंगांत किंवा तेलाच्या टांकीवर अडकून राहिलेला कारखान्याचा जीर्ण कागद सांपडला तर तोच आधार. म्हणून ज्या गाडीस कोणाचा हातच लागला नाहीं, जिचा रंग विटला व गादी उसवली तरी जी मूळची आहे, तिचा आतां प्रदर्शनांतून स्वतंत्र मान होतो.

नक्कल करणें हा अपराध नव्हे. 'ही साधी गाडी होती, मीं तिला बलदंड रूप दिलें आहे,' अशी पाटी लावून प्रदर्शनांत येणारे पुष्कळ असतात, व त्यांच्या कारागिरीचें कौतुकही होतें. त्याच गाडीवरील पाटी काढली, कीं ती लबाडी ठरते. गाडी तीच, रंग तोच, इंजिन तेंच. फरक काय तो त्या एका पाटीचा. आमच्या तरुण वाचकांपैकीं कोणी पुढें यंत्रविद्येंत शिरून जुन्या वस्तूंची दुरुस्ती करूं लागला, तर त्यानें हत्यारांच्या पेटींत ही पाटीही ठेवावी, आणि रंगाचा कुंचला उचलण्यापूर्वीं खालीं काय लिहिलें आहे तें एकवार वाचून घ्यावें.