एसटीतली वीण

जिंतूरला रेल्वे नाही. परभणीला जायचं असो, सेलूला गाडी पकडायची असो, मंठ्यावरून जालना गाठायचं असो की औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं असो, सगळं एसटीच्या मर्जीवर. त्यात ताटकळणं आलंच. स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, तहसीलच्या व्हरांड्यात; आणि साडेबाराचा मुहूर्त छापलेल्या लग्नात तर दोन वाजेपर्यंत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि बायकांना बाहेर पडायला आणखी एक निमित्त मिळालं. ज्यांच्या पिशवीत सुया आणि लोकरीचा गुंडा असतो, त्यांची गाडी उशिरा आली तरी फारशी तक्रार नसते. उलट टाच जुळत आली असताना गाडी लागली की कपाळाला आठ्या पडतात.

एवढ्या उन्हाच्या गावात लोकर कशाला, असं पाहुणे विचारतात. मे महिन्यात जीव नकोसा होतो, खरंय. पण डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने नोंदवलेला एक आकडी पारा पेपरात झळकतो, तेव्हा पहाटेच्या गाडीला निघणाऱ्याला पायमोज्यांची किंमत कळते. शिवाय बाळंतविडा बारमाही. झबलं-टोपडं, दुपटं विकत आणलं तरी आजीच्या हातचे इवलेसे मोजे त्यात हवेतच.

बाहेर विणायला मी आधी मोज्यालाच मत देईन. स्वेटर पाठ-पोटापर्यंत आला की मांडीवर गोधडीएवढा होतो आणि शेजारचीच्या पदरात शिरतो. मोजा मुठीत मावतो. मोठ्या माणसाच्या मोज्याला बारीक लोकरीचे साठ-चौसष्ट टाके, सव्वादोन ते अडीच मिलिमीटरच्या सुया, आणि जोडीला साधारण १०० ग्रॅम लोकर. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. पुढे पोटरीवर नुसते सुलट टाके, गोल-गोल. एक फेरी दोन-तीन मिनिटांत होते. कंडक्टर आला, फेरी पुरी केली, तिकीट घेतलं, पुढची धरली. कुठेही थांबलं तरी काही बिघडत नाही, ही मोज्याची खरी सोय.

टाच मात्र घरी. तिथे निम्मे टाके बाजूला ठेवून उरलेल्यांवर मागे-पुढे विणायचं, मग मध्यावर आखूड ओळी घालून वळण घ्यायचं. मोजणी चुकली की मोज्याला पोक येतं. झरी-बोरीच्या रस्त्यावर, गाडी थांबल्या-थांबल्या चढणाऱ्यांची रेटारेटी चालू असताना हे करू नये.

सुयांचंही तसंच. दोन्हीकडे टोकं असलेल्या चार-पाच सुट्या सुया दिसायला झोकदार. पण एक निसटली की थेट मागच्या सीटखाली. त्यापेक्षा मधे वायर असलेली लांब सुई बरी. सगळा मोजा तिच्या एकटीवर होतो, आणि शेजारणीच्या कोपराला टोचतही नाही. गुंडा झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून झाकणाला भोक पाडावं, म्हणजे तो एसटीच्या फरशीवर लोळत नाही. आणि टाका गळालाच तर? बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन कशासाठी असते! गळालेला टाका तिच्यात धरून ठेवायचा आणि उतरल्यावर निवांत वर आणायचा.

जाळीच्या विणीचा स्वभाव वेगळा. दोरा पुढे घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. तो फेडायला जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र विणायचे. सगळी जाळी म्हणजे हा जमाखर्च. तो जुळता ठेवायचा तर लक्ष लागतं, म्हणून जाळी प्रवासाची नव्हे असं पुष्कळजणी म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा लाटांचा एक जुना नमुना घ्या. अठरा टाक्यांचा, चार ओळींचा. त्यातल्या तीन ओळी साध्या. चौथीत तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन एक सुलट, परत तीनदा दोन-दोन एकत्र. सहा कमी, सहा जास्त, अठराचे अठरा. साध्या ओळी गाडीत, जाळीची ओळ गाडी स्टँडवर उभी असताना. एवढी वाटणी केली की शालही बाहेर होते.

याच बेटांवरच्या बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन चालता-चालता विणत. लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या त्यांच्या तलम शाली प्रसिद्ध आहेत. फ्रान्सच्या लांद भागातले मेंढपाळ तर दलदलीत उंच काठ्यांवर उभे राहून कळप राखत आणि हातात विणकाम असे. पेरूतल्या ताकिले बेटावर आजही पुरुष विणतात. मेंढरांमागे हिंडताना टकळीवर लोकर कातणारे धनगर आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवतील. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती घोंगडीची. तळपायाला ती सोसणार नाही. आणि चरख्यालाही प्रवासाची सोय लागलीच होती: गांधीजी येरवडा तुरुंगात असताना, १९३०च्या सुमारास, पेटीत मिटणाऱ्या चरख्याला रूप आलं. त्याचं नावच 'येरवडा चक्र'.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला एक गोष्ट आवडावी. सुयांवर विणलेल्या ज्या अगदी जुन्या वस्तू आज शिल्लक आहेत, त्यांत इजिप्तमधले मोजे आहेत, सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. आणि ते सुती आहेत. आपल्या हवेत सुती दोरा घेऊन विणायला म्हणूनच लाजू नये. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक. एप्रिलमध्ये घामेजल्या बोटांत ती सुईला चिकटते. सूत सरकतं. फक्त ते ताणलं जात नाही, तेव्हा सुती मोज्याची पट्टी जरा घट्ट धरावी.

रंग फिका घ्यावा. संध्याकाळच्या गाडीत दिवे मिणमिणते. काळ्या-निळ्या दोऱ्यातला टाका दिसत नाही. जाळीला आणखी एक पथ्य: नमुना पुरा झाला की दुसऱ्या रंगाचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा. पुढे चुकलं तर उसवत यायचं ते तिथवरच.

आणि बाहेर विणायचं म्हणजे बोलणं आलं.

"काय विणायलात वो ताई?"

"मोजा."

"एकच?"

हा प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही. पहिला मोजा हौसेने होतो, दुसरा कपाटात राहतो. तेव्हा पहिल्याचा अंगठा बंद केला की त्याच बैठकीत दुसऱ्याचे टाके सुईवर घालून पट्टीच्या तीन-चार फेऱ्या विणून टाकाव्यात. सुरुवातीची मोजदाद घरी झालेली असली की पुढचं परभणीच्या वाटेवर आपोआप होतं.