क्लेमोर : तलवार गेली, नाव उरलं

'क्लेमोर' हा शब्द इंग्रजी कोशात सापडतो, पण त्याचं माहेर गेलिक. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्सची ही भाषा. 'क्लायव्ह' म्हणजे तलवार, 'मोर' म्हणजे मोठी. गेलिकमध्ये विशेषण बहुधा नामामागून येतं. म्हणून आपली 'मोठी तलवार' तिथे 'तलवार मोठी' होते. इंग्रजीत येताना हे दोन शब्द एकजीव झाले.

पंधराव्या-सोळाव्या शतकांतली ही तलवार नावाला जागणारी होती. लांबी सुमारे १४० सेंटिमीटर, वजन अडीच किलोच्या आसपास. चालवायला दोन्ही हात लागत. मुठीखालची आडवी दांडी दोन्हीकडून पात्याच्या दिशेने उतरती, टोकांना बहुधा चार कड्यांचं फूल.

पुढे रुंद पात्याची एकहाती तलवार आली. आपल्या तलवारीला बोटं राखायला परज असते. हिच्या मुठीभोवती पोलादी पट्ट्यांचा पिंजराच होता. तिलाही क्लेमोरच म्हणू लागले. लेखक जेम्स बॉस्वेल १७७३ मध्ये स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्यात, मॅक्लाउड घराण्याच्या ठाण्यात, उतरला होता. तिथे त्याने त्या घराण्याचा जुना प्रमुख रोरी मोर, म्हणजे थोरला रोरी, याची प्रचंड दुहाती तलवार पाहिली आणि नोंदवलं, की हल्लीच्या तलवारीला तेच नाव असलं तरी ती बरीच लहान आहे. नेमकी कोणती तलवार खरी क्लेमोर, हा अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे.

बॉस्वेल तिथे पोचला तेव्हा हायलँड्सचं शस्त्रयुग संपलं होतं. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तलवारी घेऊन धावलेले बंडखोर हायलँडर सरकारी फौजेच्या बंदुका-तोफांपुढे कोसळले. त्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्या शस्त्रांवर कडक बंदी आली.

नाव मात्र शस्त्रांना चिकटून राहिलं. विसाव्या शतकात अमेरिकेत नॉर्मन मॅक्लाउड यांनी एक सुरुंग घडवला आणि त्याला या तलवारीचं नाव दिलं. आडनावही डनव्हेगनचंच! हा सुरुंग पुरत नाहीत, जमिनीवर उभा करतात. स्फोट होताच सुमारे ७०० पोलादी गोळ्या एकाच दिशेने सुटतात. त्यात पातं नाही, मूठ नाही, आकारही जेमतेम जाडजूड पुस्तकाएवढा.

अर्थ ऐकू येईनासा झाला, की नाव कशालाही चिकटवता येतं. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजारच होते. पण त्यांच्या कानांना हे नाव आजही फोड करून ऐकू येतं : तलवार, मोठी. भाषा जगवायची ती यासाठीच.