नाक, दमा आणि एक साधी गोळी

गॅसवरचं दूध करपून काळं झालं, आणि ते मला शेजारच्या काकूंनी धावत येऊन सांगितलं! मी ओट्यापाशीच भाजी चिरत होते, पण वास म्हणून आला नाही. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. सर्दी बारमाही. ‘तुला थंड सोसत नाही,’ असं सासूबाई म्हणायच्या. मीही काढा, वाफ, सुंठ करत राहिले.

शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. नाकात दोन्हीकडे पॉलिप होते. द्राक्षांसारखे मऊ, फिकट फुगवटे. आपण ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतो, तेच. ऑपरेशन झालं. फोडणीचा, मोगऱ्याचा वास पुन्हा आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. पण दोन वर्षांत नाक परत बंद, आणि जोडीला दमा.

मग एका रात्री दाढ ठणकायला लागली. घरात होती ती अंगदुखीची गोळी घेतली. तासाभरात नाक वाहू लागलं, डोळे लाल, छाती आवळलेली. श्वास आत जाईना. ह्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लागला, तेव्हा जिवात जीव आला.

छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आधी कधी गोळीने त्रास झाला होता?’ झाला होता की! डोकेदुखीच्या गोळीनंतर नाक चोंदायचं. मी ते सर्दीवर ढकललं होतं.

पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन न सोसणं, या तीन तक्रारी म्हणजे एकच आजार. फ्रान्समध्ये विडाल यांनी तो १९२२ मध्ये नोंदवला. पुढे अमेरिकेतल्या डॉ. सॅम्टर यांच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. बहुधा तिशी-चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये थोडा जास्त. दमा असलेल्या शंभर प्रौढांपैकी साधारण सात जणांना तो असतो. पॉलिपही असतील तर शक्यता आणखी वाढते.

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या शरीरातलं एकच एन्झाइम अडवतात. आमच्यासारख्यांच्या शरीरात त्यामुळे श्वासनळ्या आवळणारी ल्युकोट्राइन नावाची रसायनं एकदम वाढतात. म्हणून एक गोळी सोसली नाही, तर तिची बहीणही सोसत नाही.

आणि पॉलिप परत का येतात? नाकाच्या अस्तराला आतून सूज असते. तिथे ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रथिनं तयार होतात. त्यातलं एक नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं, त्या पाझरतात आणि अस्तर फुगतं. ऑपरेशनने गाठ निघते, निरोप थांबत नाही. म्हणूनच नंतरही नाकातला स्टिरॉइडचा फवारा चालू ठेवायचा असतो. मी पहिल्यांदा ‘बरं वाटतंय’ म्हणून तो सोडला होता!

पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत बहुतेकांना चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. शिवाय पाकिटाची मागची बारीक अक्षरं वाचा. कधीकधी पॅरासिटामॉलबरोबर दुसरं वेदनाशामक मिसळलेलं असतं. घरात कुणाला हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र मनाने बंद करू नका.

माझ्या पर्समध्ये आता न चालणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी असते. दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसण्याआधी मी ती पुढे करते. वास अजून पूर्ण आलेला नाही. पण काल दूध लागायच्या आत कळलं!