सुईवरचा बटाटा

गच्चीवरच्या आठ इंची दुर्बिणीतून ल्युटेशिया हा लघुग्रह दाखवला की पाहुण्यांचा चेहरा पडतो. "हे एवढंच?" एवढंच. तीन जिने चढून आलेल्या माणसाला ताऱ्यासारखा एक ठिपका.

मग मी त्यांना खाली स्वयंपाकघरात नेते. दिवा मालवून विणकामाच्या सुईवर एक लांबट बटाटा आडवा टोचते, मोबाइलचा टॉर्च लावते आणि सुई हळूहळू फिरवते. लांब बाजू समोर आली की उजेड जास्त परततो, टोक आलं की कमी. एका फेरीत दोनदा उजळ, दोनदा मंद. दारात उभं राहून डोळे किलकिले केले तर बटाटा ओळखू येत नाही, उजेडाचा चढउतार मात्र कळतो.

ल्युटेशियाही असाच फिरतो; त्याची एक फेरी सुमारे 8 तास 10 मिनिटांची. हिवाळ्यातल्या एका रात्रीत ती अख्खी पकडता येते, दवाने साथ दिली तर. माझ्या काचेवर पहाटे तीनला दव धरलं; माझ्या उजेडाच्या आलेखात तिथे अजून भोक आहे.

हा लघुग्रह 1852 मध्ये पॅरिसमधल्या आपल्या घरातून हेर्मान गोल्डश्मिट यांनी शोधला. पेशाने ते चित्रकार. ल्युटेशिया हे पॅरिसचंच जुनं लॅटिन नाव. पुढे युरोपचं रोझेटा यान धूमकेतूकडे जाताना त्याच्याजवळून जाणार असं ठरलं, आणि या ठिपक्याचा भाव वधारला. यान सेकंदाला 15 किलोमीटर वेगाने जाणार, थांबणार नाही, वळणार नाही. लघुग्रहाचा अक्ष कुठे झुकलाय, कोणती बाजू उन्हात असेल, जवळपास एखादा चंद्र तर नाही ना, हे सगळं आधीच माहीत हवं.

त्यासाठी 1962 पासूनचे उजेडाचे आलेख बाहेर निघाले. हवाईतली केक आणि चिलीतली व्हीएलटी या दुर्बिणींनी फोटो घेतले. हवेच्या थरथरीने प्रतिमा विस्कटते, म्हणून तिथे एक लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून ती थरथर खोडून काढतो. तरीही हाती आलं ते काही पिक्सेलांचं ढेकूळ. हे फोटो आणि आलेख एकत्र गुंफणाऱ्या पद्धतीचं नाव 'कोआला'. त्यातलं पहिलं अक्षर 'विणलेलं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं आहे हे कळल्यापासून मी बटाट्याची सुई बदललेली नाही.

भेटीआधी छापलेला अंदाज होता 124 बाय 101 बाय 93 किलोमीटर. 10 जुलै 2010 ला रोझेटा सुमारे 3,170 किलोमीटरवरून गेलं. खरं माप निघालं 121, 101 आणि 75. पहिले दोन आकडे पाहून मला हेवा वाटला. जाडी चुकली, पण त्या आकड्यापुढे 13 किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतं असं आधीच लिहिलं होतं, आणि कारणही साधं होतं: केकने फोटो घेतले त्या दिवसांत लघुग्रह जवळपास ध्रुवाच्या बाजूने दिसत होता. बटाटा टोकाकडून बघून त्याची लांबी सांगा पाहू! अक्षाची दिशा मात्र दोन अंशांच्या आत बरोबर.

रोझेटाला जेमतेम अर्धा लघुग्रह नीट दिसला, मुख्यतः उत्तरेकडचा. दक्षिणेकडे तेव्हा तिथल्या हिवाळ्याचा अंधार होता. त्या बाजूचा आकार पुरा करायला पुन्हा जमिनीवरचेच आलेख काढावे लागले.