शब्दांवाचून व्याख्यान

व्याख्यान म्हटले की शब्द आलेच. आम्हां भाषेच्या प्राध्यापकांचा तर सारा संसार शब्दांवरच चालतो! परंतु १९०३ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत एक व्याख्यान असे झाले, की वक्त्याने तोंडातून अक्षरही काढले नाही, अशी आख्यायिका आहे. वक्ते होते प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल, आणि विषय होता ही एक संख्या:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

आकडे एकवीस! आपली एकं-दहं-शतंची माळ अठराव्या स्थानी परार्धापाशी संपते. ही संख्या त्याच्याही तीन घरे पुढे. घडण मात्र साधी. सदुसष्ट वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि उत्तरातून एक वजा करावा, की झाली.

हिला स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही, म्हणजे ही मूळ संख्या आहे, असे मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली लिहून ठेवले. १८७६ साली एदुआर ल्यूका याने ते खोटे ठरविले. पण गंमत अशी, की भाग जातो हे त्याने सिद्ध केले. कशाने जातो, ते त्यालाही सांगता येईना. घरात चोर आहे एवढे कळावे, पण तो सापडू नये, तशातली गत!

कोल यांनी तो चोर पकडला. या संख्येच्या प्रत्येक अवयवाला १३४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे, असा नियम आहे. तरीही पहिल्या अवयवापर्यंत अशा चौदा लाखांवर संख्या वाटेत उभ्या! आणखी चाळण्या लावीत कोल पुढे गेले. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकीकडे दोनाचे घात करून एक वजा केला. दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणिले. दोन्ही उत्तरे एकच! कोल मुकाट्याने जागेवर बसले, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. या शोधाला किती काळ लागला, असे पुढे कुणी विचारले तेव्हा उत्तर आले: तीन वर्षांतले रविवार.

म्हणजे दीडशेच्या वर सुट्ट्या, आणि हाती काय, तर एक गुणाकार! पण शोधायला वर्षे आणि पडताळायला घटकाभर, हेच तर मोठ्या संख्यांचे मर्म. आजची यंत्रे कोल यांचे काम क्षणात उरकतात. परंतु शेकडो आकडी संख्येचे अवयव पाडताना तीही हात टेकतात. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अडचणीतून गुप्त संदेशांचे कुलूप घडविले.

फराळानंतर मुलांना हा गुणाकार जरूर घालावा. आधी नवाची कसोटी लावू द्या: दोन्ही अवयवांच्या आकड्यांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करीत गेले की एकच उरतो, आणि त्या एकवीस आकड्यांतूनही एकच! नुसत्या कसोटीने सिद्धता होत नाही, हे खरे. पण कोल यांच्या रविवारांची थोडी चव मुलांना खास कळेल.