पेन्सिलीनें भरलेली स्मरणिका

येथें तीर्थपुरीस यंदां आमच्या घराची डागडुजी निघाली, तेव्हां माळ्यावरील पत्र्याच्या पेटींत एक पातळ पुस्तिका हातीं आली. फेब्रुवारी १९७३ मध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न क्रीडांगणावर भारत व इंग्लंड यांचा पांचवा कसोटी सामना झाला, त्याची ती स्मरणिका. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं तिचें छायाचित्र काढून एका संग्राहकास पाठविलें. कोरी प्रत असती तर चांगले पैसे दिले असते, पेन्सिलीनें खराब केलेली नको, असा त्याचा निरोप आला!

सामन्याची छापील पत्रिका प्रेक्षकांस विकण्याची चाल जुनी आहे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर १८४८ पासून फ्रेड लिलीव्हाइट हा फिरता छापखानाच घेऊन बसे. अमेरिकेंत बेसबॉलचे शौकीन अशा पत्रिकेंत खेळ चालूं असतांच खुणा भरीत बसतात, आणि पुढें त्याच पत्रिका जपून ठेवितात. आमच्या वेळीं तर तिची गरजच होती. कसोटी खेळाडूंच्या पाठीवर नांव व आंकडा येण्यास २०१९ साल उजाडावें लागलें. तोंवर सारेच शुभ्रवस्त्रधारी. दूर बसलेल्या पोरानें कोणास ओळखावें?

त्या वर्षीं मराठवाड्यांत दुष्काळ होता. जालना जिल्हा तेव्हां झाला नव्हता; तो १९८१ चा. विहिरी आटल्या, बैल विकले, आणि 'घरचें एक ताट कमी' म्हणून वडिलांनीं आम्हांस गिरगांवांत मामांकडे धाडलें. जालन्याहून मनमाडपर्यंत छोटी गाडी, तेथें बदलून मुंबई. मामा कारकून, दोन खोल्या, पांच मुलें. त्यांना कचेरींतून एका दिवसाचीं दोन तिकिटें मिळालीं.

चर्चगेट स्टेशनापासून क्रीडांगण चार पावलांवर. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें तें उभारलें. पायाभरणी मे १९३६ मध्यें, उद्घाटन ७ डिसेंबर १९३७ रोजीं. नांव त्या वेळच्या गव्हर्नरांचें. पाण्यासाठीं मैल मैल चालणाऱ्या गांवाहून आलेल्या आम्हांस तेथील हिरवळ पाहून प्रथम रागच आला होता, हें कबूल करतों.

मग विश्वनाथाचें शतक झालें, आणि टोनी ग्रेग या धिप्पाड गड्यानें त्या ठेंगण्या वीरास उचलून तान्ह्या बाळासारखें हातांवर जोजविलें. प्रतिपक्षानें असें करावें! राग कोठल्या कोठें गेला. पुस्तिकेंत आमच्या वेड्यावांकड्या अक्षरांत 'विश्वनाथ ११३, इंजिनिअर १२१' असें आहे; भारताचे ४४८. सामना अनिर्णित राहिला व मालिका आपण २-१ अशी जिंकली. मैदानाचा क्लब व मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यांत बसावयाच्या जागांवरून, म्हणजे पंक्तींतल्या पाटांवरून भांडावें तसें, बिनसलें. जवळच वानखेडे मैदान उभें राहून जानेवारी १९७५ मध्यें तेथें कसोटी झाली. ब्रेबोर्नवर पुन्हां कसोटी व्हावयास डिसेंबर २००९ उजाडला. पेन्सिल चालवितांना आम्हांस याची काय कल्पना!

परंतु आम्ही ज्यासाठीं हें लिहीत आहों तें निराळेंच. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर जाहिरातीच्या समासांत मामांचें बारीक अक्षर आहे. त्या दिवसाचा हिशेब: गाडीभाडें, पुस्तिका, चहा, आणि खालीं 'तीर्थपुरी म. ऑ. ४० रु.' आमच्या घरीं या मनीऑर्डरीचा शब्दहि कधीं निघाला नाहीं. वडिलांनीं सांगितलें नाहीं, मामांनीं बोलून दाखविलें नाहीं, आणि आम्ही मात्र मामांनीं खाऊस पैसे कमी दिले म्हणून गांवीं परतल्यावर कुरकुर केली होती. दोघेहि आतां नाहींत.

पुस्तिका घराच्या कागदपत्रांच्या बासनांत बांधून ठेविली आहे. त्या पानाची एक नक्कल काढून मामेभावास डोंबिवलीस पाठविली. त्याला अक्षर ओळखतां येईल.